सुट्टीत काय करायचं हे ठरवताना रोजचा तास बघा

हायस्कूलच्या ग्रंथालयात मी खूप वर्षं काम करते. वार्षिक परीक्षेचे शेवटचे पेपर सुरू झाले की पुस्तकं परत करायला आलेली मुलं टेबलाशी जरा रेंगाळतात आणि विचारतात, "मॅडम, सुट्टीत काय करू?" पुष्कळदा हातात एखादं माहितीपत्रक असतं : रोबोटिक्सचं शिबिर, नेतृत्वविकास कार्यशाळा, कुठल्याशा विद्यापीठाच्या आवारातला तीन आठवड्यांचा कोर्स. मी ते पत्रक वाचते आणि विचारते, "यातल्या एखाद्या साध्या मंगळवारी, सकाळी दहा वाजता, तू नेमकं काय करत असशील?" बहुतेकांना ते सांगता येत नाही, कारण पत्रकात ते लिहिलेलंच नसतं.

सुट्टीचं काम निवडायची माझी सगळी पद्धत या प्रश्नातून निघते.

कामाचा रोजचा तास

प्रत्येक कामाला एक नाव असतं आणि एक रोजचा तास असतो. नाव ऐकून आपण हुरळतो, पण सुट्टी जाते ती त्या तासात. पक्षीनिरीक्षण हे नाव झालं. त्याचा तास असा : उजाडायच्या आत उठायचं, ठरलेल्या जागी न बोलता उभं राहायचं, कावळे-चिमण्यांसकट जे दिसेल ते मोजायचं आणि खास काही दिसलं नाही तरी नोंद पूर्ण करायची. कोडिंगचा तास म्हणजे स्क्रीनवर आलेला एरर वाचणं, एक ओळ बदलणं, प्रोग्रॅम पुन्हा चालवणं आणि पुढचा एरर वाचणं. प्रयोगशाळेत 'संशोधन' करायला गेलेल्या विद्यार्थ्याचा तास काचेची भांडी धुण्यात, नमुन्यांना लेबलं लावण्यात आणि आकड्यांचे रकाने भरण्यात जातो. नाटकाच्या शिबिरात एकच प्रवेश पुन्हा पुन्हा करायचा असतो, आणि आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्यांचा बघत बसायचं असतं.

यातला प्रत्येक तास कुणाला तरी मनापासून आवडतो. तो तुम्हाला आवडतो का, एवढंच शोधायचं आहे. जो तास तुम्ही कुणी न सांगता पुन्हा करायला बसाल, ते काम तुमचं.

तास कळण्याचा पहिला रस्ता म्हणजे ते काम करणाऱ्या माणसाला विचारणं. "तुम्हाला हे काम आवडतं का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येतं. "काल तुम्ही काय काय केलंत, सकाळपासून सांगाल का?" असं विचारा. पशुवैद्य होऊ पाहणाऱ्या मुलांना या एका प्रश्नाने फार कळतं. प्राण्यांइतकाच वेळ त्यांच्या घाबरलेल्या मालकांशी बोलण्यात जातो, हे त्यांच्या कधी मनातच आलेलं नसतं.

दुसरा रस्ता म्हणजे सुट्टी लागण्याआधीच एका रविवारी त्या कामाचा सगळ्यात लहान तुकडा स्वतः करून बघणं. दोन तास पुरतात. करून झाल्यावर मजा आली का हे बघाच, पण माझ्या मते त्याहून मोठी खूण वेगळी आहे : मनात आपणहून एखादा प्रश्न आला का? "हा पक्षी रोज याच तारेवर का बसतो?" किंवा "या ओळीत शून्य टाकलं तर काय होईल?" असा प्रश्न आला, तर ते काम तुम्हाला पुढे ओढून नेईल.

एका मुलीला पत्रकारितेच्या शिबिराला जायचं होतं. मी तिला एका वयस्कर नातेवाइकांची मुलाखत घेऊन ती शब्दशः उतरवून आणायला सांगितलं. प्रश्न विचारायला तिला संकोच वाटला, पण ध्वनिमुद्रण थांबवत, मागे नेत शब्द न् शब्द कागदावर उतरवण्यात ती इतकी रमली की दुसऱ्या दिवशी तिने आणखी एक मुलाखत उतरवून आणली. ती सुट्टी तिने घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्यात घालवली. प्रत्येक मुद्रणाला बोलणाऱ्याचं नाव, वय, तारीख, जागा आणि परवानगीची सही जोडलेली. शिबिरातून याहून जास्त काय मिळालं असतं, मला खरंच सांगता येणार नाही.

कुणाला त्या कामाची गरज आहे?

तास आवडला की पुढचं बघायचं : हे काम मी केलं नाही तर कुणाचं काही अडतं का? शाळेत आपण जे करतो ते बहुतेक तपासून बाजूला ठेवलं जातं. सुट्टीत पहिल्यांदा असं काम करता येतं ज्याचा कुणीतरी वापर करणार आहे, आणि त्याने काम करण्याची तऱ्हाच बदलते. चूक झाली तर गुण जाणार नसतात, दुसऱ्या माणसाची अडचण होणार असते.

अशी कामं मिळवायला ओळख किंवा पैसा लागतोच असं नाही. ग्रंथपाल म्हणून मला सगळ्यात जवळचं वाटतं ते विकिस्रोत, म्हणजे इंटरनेटवरचं खुलं ग्रंथालय. स्वामित्वहक्क संपलेली जुनी पुस्तकं तिथे पानापानाने स्कॅन करून ठेवलेली असतात आणि संगणकाने त्यांचा मजकूर ओळखलेला असतो. पण देवनागरी वाचताना संगणक चुकतो. 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म', अनुस्वार गळतात, जोडाक्षरं फुटतात. तुम्ही एका बाजूला स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला मजकूर ठेवून तो अक्षर न् अक्षर दुरुस्त करता. मग पान लालवरून पिवळं होतं. दुसऱ्या कुणी ते पुन्हा तपासलं की हिरवं होतं. आपलंच पान आपण हिरवं करू शकत नाही, आणि हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. मराठीसह अनेक भाषांत हे काम चालू आहे. पुस्तकाची शंभर पानं शुद्ध करणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांखालून त्या काळची वाक्यरचना, शब्द, विरामचिन्हं सगळं जातं. भाषेच्या कुठल्याही वर्गात इतकं बारीक वाचन होत नाही. जुनी भाषा काही मुलांना पहिल्या दहा पानांत नकोशी होते. त्यांनी खुशाल सोडून द्यावं.

निसर्गाची आवड असेल तर ई-बर्ड आणि आय-नॅचरलिस्ट ही दोन संकेतस्थळं बघा. ई-बर्ड 2002 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी सुरू केलं. तिथे पाहिलेल्या पक्ष्यांची यादी देताना जागा, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं थांबलात, किती अंतर चाललात हे लिहावं लागतं, आणि ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का, असं विचारलं जातं. कावळा मोजायचा तो यासाठी. प्रत्येकाने दिसलेलं सगळं लिहिलं, तरच एखादा पक्षी यादीत नसणं ही माहिती ठरते. आय-नॅचरलिस्टवर फोटो किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण द्यायचं असतं. ओळख पटवणाऱ्यांचं प्रजातीवर एकमत झालं की नोंदीला संशोधनयोग्य दर्जा मिळतो. कुंडीतल्या किंवा बागेत लावलेल्या झाडांना तो मिळत नाही. नवी मुलं उत्साहाने कुंड्यांचेच फोटो टाकतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. घराजवळच्या नोंदी करत असाल तर नेमकं ठिकाण झाकायची सोय तिथे आहे, ती वापराच. आणि कुठल्याही अशा संकेतस्थळावर खातं उघडण्याआधी वयाची अट वाचा, पालकांना सांगा.

घराबाहेर पडणं शक्य नसेल तर झुनिव्हर्स हे संकेतस्थळ आहे. त्याची सुरुवात 2007च्या गॅलक्सी झू या प्रकल्पातून झाली : दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांची, चित्रं बघायची आणि ही सर्पिल आहे की लंबगोल, एवढं सांगायचं. त्याच वर्षी हॅनी फान आर्केल या नेदरलँड्समधल्या शाळाशिक्षिकेला एका दीर्घिकेशेजारी एक विचित्र डाग दिसला. तो काय आहे, असं तिने विचारलं आणि खगोलशास्त्रज्ञांना अभ्यासाला नवी वस्तू मिळाली. ती आज 'हॅनीज फोरवेर्प', म्हणजे 'हॅनीची वस्तू', या नावाने ओळखली जाते. चित्रं तिच्याआधी मोजमापाच्या यंत्रणेतून गेलेली होतीच. थांबून विचारणारी ती निघाली.

एकटं की सोबत

जॉन गुडरिक या मुलाबद्दल मी माझ्याकडे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला सांगते. तो लहानपणापासून बहिरा होता. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात राहत असताना, 1782च्या हिवाळ्यात, वयाच्या अठराव्या वर्षी त्याने अल्गॉल नावाच्या ताऱ्यावर लक्ष ठेवायला सुरुवात केली. तारा मधूनच मंद होतो आणि पुन्हा उजळतो, हे त्याने रात्रीमागून रात्र शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करत नोंदवलं, आणि ते सुमारे 2 दिवस 21 तासांनी घडतं, हे काढलं. एखादी काळोखी वस्तू ताऱ्याभोवती फिरताना त्याच्यासमोर येत असावी, असा तर्कही त्याने मांडला. 1783 साली रॉयल सोसायटी या इंग्लंडमधल्या विज्ञानसंस्थेने त्याला कॉप्ली पदक दिलं, तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती.

यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग पदक नाही. शेजारी एडवर्ड पिगॉट हा वयाने मोठा निरीक्षक होता. त्याच्याकडे उपकरणं होती, कोणत्या ताऱ्यांवर लक्ष ठेवावं हे त्याला ठाऊक होतं, आणि दोघे एकमेकांच्या नोंदी ताडून बघत. तुमच्या कामातही असा एक माणूस शोधा. तो तज्ज्ञ असलाच पाहिजे असं नाही, आठवड्यातून एकदा तुमची वही बघून दोन प्रश्न विचारणारा असला तरी चालतो. असा माणूस नसलेली चांगली चांगली कामं तिसऱ्या आठवड्यात बंद पडलेली मी पाहिली आहेत, आणि तो असेल तर साध्या कामातूनही मुलं खूप शिकतात.

त्याला गाठायचं तर पत्र किंवा ईमेल लहान ठेवा. "मला तुमच्या क्षेत्रात खूप रस आहे, कृपया संधी द्यावी" अशी पत्रं वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. त्यापेक्षा असं लिहा : "मी हायस्कूलची विद्यार्थिनी आहे. गेला महिनाभर मी शाळेमागच्या तळ्यावर रोज सकाळी अर्धा तास पक्षी मोजते आहे. माझ्या नोंदींत बगळ्यांचा आकडा एका दिवसाआड खूप बदलतो, तो मोजण्यातला दोष आहे की खरा बदल, ते मला कळत नाही. नोंदींची दोन पानं जोडली आहेत. पंधरा मिनिटं बोलता येईल का?" याला उत्तर येण्याची शक्यता पुष्कळ जास्त, कारण समोरच्याला नेमकं काय द्यायचं आहे ते कळतं. आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, मग दुसऱ्याला लिहा. भेट ठरली तर ती संस्थेच्या जागेत, घरच्यांना सांगून, शक्य असेल तर कुणाला सोबत घेऊन.

फी भरून करायचे कोर्स

पैसे देऊन केलेलं शिबिर वाईट असतं असं मी म्हणत नाही. पोहणं, वाद्य, वेल्डिंग, चाकावरची कुंभारकला अशा गोष्टींना शिक्षक, जागा आणि साधनं लागतात, त्याचे पैसे पडणारच. पण माहितीपत्रक हातात आलं की चौकशी करा. शिकवणार कोण, त्यांचं नाव लिहिलंय का? एका गटात किती मुलं? अर्ज करणाऱ्या सगळ्यांनाच प्रवेश मिळतो का? मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का? गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेलं काम बघायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नाला फक्त प्रमाणपत्रांचे फोटो दाखवले गेले, तर मी पालकांना थांबा म्हणते. विद्यापीठाच्या आवारात भरणारा कोर्स त्या विद्यापीठाचाच असतो असंही नाही. बाहेरच्या संस्था सुट्टीत जागा भाड्याने घेतात आणि पत्रकावर इमारतीचा फोटो छापतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या कोर्सचं नाव आहे का, ते पाहा.

भरमसाट फी म्हणजे दर्जा, हा समज तर सोडूनच द्या. जगात अतिशय चुरशीचा मानला जाणारा रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट हा उन्हाळी कार्यक्रम 1984 पासून चालतो, अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात भरतो, आणि निवड झालेल्या विद्यार्थ्यांकडून त्याची फी घेतली जात नाही.

थोड्या दिवसांत होणारं काही हवं असेल तर प्रथमोपचार शिका. हृदय बंद पडलेल्या प्रौढ माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबायची असते. हे वाचून येत नाही, सरावाच्या पुतळ्यावर हात टेकवून करावं लागतं, आणि किती जोर लागतो ते कळल्यावर मुलं थक्क होतात.

पगाराचं काम, घरचं काम

कित्येक मुलं मला हलक्या आवाजात सांगतात, "मला काही करता येणार नाही, मला काम करायचंय," किंवा "धाकट्या भावाला सांभाळायचंय." हे ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण सगळ्यात मोठी जबाबदारी घेणारी मुलंच स्वतःची सुट्टी वाया गेली असं समजतात. दुकानात उभं राहून हिशेब जुळवणं, चिडलेल्या गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलणं, वेळेवर पोचणं, लहान मुलाचा सबंध दिवस आखणं, हे खरं काम आहे आणि पुढे कुठलाही अर्ज कराल त्यात ते तसंच लिहावं. काय काय सांभाळलंत, किती तास, त्यात तुम्ही कुठली गोष्ट सुधारलीत. एका मुलाने घरच्या दुकानात रोज संपणाऱ्या मालाची वही सुरू केली. सुट्टीअखेर कोणता माल कधी मागवायचा हे ती वही बघून ठरायला लागलं होतं.

फक्त एक बघा. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेच्या 1973 सालच्या किमान वयाच्या करारात कामाचं सर्वसाधारण किमान वय 15 धरलं आहे आणि धोक्याच्या कामासाठी 18. आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते मोठ्या माणसांकडून समजून घ्या. धारदार यंत्रं, रसायनं, उंचावरची कामं, रात्रपाळी यांना ठाम नकार द्या. पगार किती आणि कधी, हे पहिल्या दिवसाआधी लिहून घ्या.

किती करायचं

सुट्टीचा आराखडा नेहमी फुगतो. एका कागदावर एक वाक्य लिहा : "सुट्टी संपेल तेव्हा माझ्याकडे अमुक असेल." अमुकच्या जागी डोळ्यांना दिसणारी वस्तू हवी. साठ शुद्ध केलेली पानं, चाळीस दिवसांच्या नोंदींची वही, दुरुस्त होऊन चालू लागलेली सायकल, बारा मुलाखती. "इंग्रजी सुधारलेलं असेल" हे चालणार नाही, कारण ते झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. वाक्य लिहून झालं की आकडा निम्मा करा. निम्मं पूर्ण झालं तर पुढे जाता येतंच.

एक मोठं काम पुरे. सोबत गणिताची थोडी उजळणी ठेवा. हॅरिस कूपर हे अमेरिकन अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली 39 अभ्यासांचा आढावा घेतला होता, त्यात लांब सुट्टीत वाचनापेक्षा गणितातली घसरण जास्त दिसली होती. आठवड्यातून तीन-चारदा अर्धा तास, जुन्याच वहीतली गणितं. बाकी वेळ मोकळा राहू द्या. 13 ते 18 वयाला रोज 8 ते 10 तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात, आणि शाळा चालू असताना ती कुणाचीच होत नाही.

घरचे वेगळं काही म्हणत असतील तर वाद घालण्याआधी ते वाक्य आणि रविवारी केलेला तुकडा त्यांच्यासमोर ठेवा. पालकांना काळजी असते ती मूल नुसतं पडून राहील याची. हातातलं काम बघितलं की बोलणं निवळतं. तरीही त्यांनी क्लास लावलाच, तर निदान दिवसाचा एक ठरलेला तास आपल्या कामासाठी मागून घ्या. गुडरिकचा तासही रात्रीचाच होता.

सुरू केल्यावर दहाव्या दिवशी थांबून बघा. वही रोज भरली जाते आहे का? मनात प्रश्न येत आहेत का? दोन्हींना "नाही" असेल तर काम बदला, तेव्हा सुट्टी अजून शिल्लक असते. फक्त ज्यांना शब्द दिला होता त्यांना स्वतः जाऊन सांगा, अर्धवट काम नीट बांधून त्यांच्या हाती द्या. कंटाळा आलाय पण प्रश्न येत आहेत, असं असेल तर टिकून राहा. तो कंटाळा बहुधा मधल्या टप्प्याचा असतो.

शेवटचे चार दिवस नवीन काहीच करू नका. वहीवरून एक पान लिहा : काय करायचं ठरवलं होतं, काय झालं, काय कळलं नाही. मूळ नोंदींची एक प्रत करून ठेवा. ज्यांनी मदत केली त्यांना ते पान द्या, उसनी आणलेली दुर्बीण, पुस्तकं, अवजारं पुसून परत करा, आणि पुढच्या वर्षी हे काम करू इच्छिणाऱ्या कुणासाठी वहीच्या पहिल्या पानावर लिहा, सुरुवात कुठून करायची ते.